प्राण्यांच्या कपकेकचं किट: काही महिने मुलांच्या हाती राहिल्यानंतर

मुलांसोबत प्राण्यांच्या चेहऱ्यांचे कपकेक करण्यासाठी एक तयार किट घेतलं, त्याला आता बरेच महिने झाले. खोक्यात कपकेकचा धातूचा ट्रे, सिलिकॉनच्या रंगीत वाट्या, क्रीमला आकार देणारी सहा नोझल, ती लावून क्रीम पिळायची एक कापडी पायपिंग बॅग, फॉन्डंटचे (म्हणजे लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचे) कटर, द्रवरूप खाद्यरंगांच्या बाटल्या, साखरेचे डोळे आणि प्राण्यांची चित्रं असलेली कार्डं होती. यातलं निम्मं सामान अजून रोजच्या खणात आहे, निम्मं माळ्यावर गेलंय. सामानाचा दर्जा वाईट नाही. पण ते ज्यानं ठरवलं त्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या माणसाचे हात होते, असं मला सारखं वाटतं. खोक्यावर मात्र मुलांचा हसरा फोटो आहे.

आमच्याकडे थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटी पाच वर्षांची. त्यामुळे खाली जे लिहितोय ते या दोन वयांच्या हिशेबानं वाचा.

आधी बेकिंग. सिलिकॉनच्या वाट्या दिसायला गोड, पण मुलांनी मिश्रण ओतायला घेतलं की त्या लवंडतात. शिवाय सिलिकॉनमधून उष्णता हळू जाते, म्हणून कडा फिकट आणि ओलसर राहतात. आम्ही त्या बाजूला ठेवल्या आणि धातूच्या ट्रेमध्ये साधे कागदी लायनर लावू लागलो. ट्रे मात्र उत्तम आहे, अजून वाकलेला नाही.

कार्डावर १८० अंश सेल्सिअस आणि वीस मिनिटं असं लिहिलंय. चवीला केक छान होतो, पण मधे टेकडी येते आणि वर भेग पडते. कडा आधी घट्ट होतात आणि मधलं मिश्रण अजून फुगत असतं, ते जाणार कुठे? वरच. प्राण्याचा चेहरा काढायचा तर माथा सपाट हवा. तापमान १६० ते १६५ वर आणलं, वेळ थोडी वाढवली आणि ट्रेमधल्या वाट्या दोन तृतीयांशच भरल्या, की बहुतेक केक सपाट येतात. मिश्रण घालायला आइस्क्रीमचा स्कूप द्या. पाच वर्षांच्या मुलीलाही सगळ्या वाट्या सारख्या भरता येतात आणि ट्रेवर सांडत नाही. आणि बाहेर काढल्यावर पाचेक मिनिटांत केक ट्रेमधून उचलून जाळीवर ठेवा. तसेच राहू दिले तर वाफेनं कागद ओला होतो आणि केकपासून सुटून येतो.

कामाची वाटणी करताना एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. मुलांना ढवळायला आवडतं, पण मैदा घातल्यावर जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लुटेन हे चिवट प्रथिन ताणलं जातं, केक चिवट होतो आणि आत लांबट पोकळ्या पडतात. म्हणून धाकटीला बटर आणि साखर फेटायचं काम. तिथे भरपूर फेटावंच लागतं, तिची हौस पुरी फिटते. मैदा मात्र थोरला कालवतो, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, हे त्याला पटलंय. वजनकाट्यावर मापं घेणं हाही त्याचाच प्रांत. कार्डावरची मापं कपांत आहेत, ती मी ग्रॅममध्ये करून घेतली. कप दाबून भरला की हलका, यावर मैद्याचं वजन बरंच बदलतं.

कच्चं मिश्रण चाटण्यावरून घरात थोडी भांडणं झाली. कच्च्या अंड्याचा धोका बहुतेकांना माहीत असतो, त्यात साल्मोनेला असू शकतो. पण कच्चा मैदासुद्धा न शिजलेलं धान्यच आहे आणि त्यातून ई. कोलायसारखे जिवाणू पोटात जाऊ शकतात. त्यामुळे बिनअंड्याचं मिश्रण असलं तरी चाटायचं नाही. बटरक्रीमचं, म्हणजे बटर आणि पिठीसाखरेच्या सजावटीच्या क्रीमचं, भांडं चाटायला पूर्ण मुभा. कार्डांवर याबद्दल एक ओळही नाही, आणि मुलांसाठीच्या किटमध्ये ती असायलाच हवी होती.

आता रंग. बाटल्यांतले रंग पाण्यासारखे पातळ आहेत. बेडकाचा गडद हिरवा हवा म्हणून थेंबांवर थेंब टाकत गेलं की बटरक्रीम सैल होतं, कधी फाटतं. जेल रंग वेगळे घ्या, काडीच्या टोकावर बसेल एवढा पुरतो. तोही लगेच गडद दिसत नाही, तास-दोन तासांत चढतो, तेव्हा हव्या त्या छटेच्या अलीकडेच थांबा. पांडासाठी काळा करताना पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग ओतत बसू नका, करडाच होत राहतो आणि चव कडवट होते. आधी कोको घालून क्रीम गडद तपकिरी करा, मग थोडासा काळा.

त्या बाटल्यांच्या लेबलवर ई१०२, ई११० आणि ई१२९ हे क्रमांक होते. युरोपीय संघात जुलै २०१० पासून, यांच्यासह सहा कृत्रिम रंगांपैकी एखादा असलेल्या खाद्यपदार्थावर, मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. त्यामागे साउथॅम्प्टन विद्यापीठाचा २००७ मधला अभ्यास होता. अधूनमधून खाल्लेल्या एखाद्या कपकेकनं घाबरून जावं असं मला वाटत नाही, पण घरात पर्याय असताना ते कशाला, असं म्हणून आम्ही बरेच रंग बदलले. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद, अस्वलासाठी कोको, डुकराच्या गुलाबीसाठी बीटचा आटवलेला रस किंवा सुकवलेल्या रासबेरीची पूड. हे फक्त क्रीममध्ये. केकच्या मिश्रणात बीट भाजताना तपकिरी पडतं, आणि सोडा असला तर हळद लालसर होते. थोरल्यानं हळदीत मुद्दाम सोडा टाकून तो रंग बदलताना पाहिला आणि त्या दिवशी केक राहिला बाजूला.

किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे गवताचं नोझल. टोकाला एका मोठ्या भोकाऐवजी बारीक बारीक बरीच भोकं असतात, त्यातून क्रीमचे दोरे येतात. टोक केकला टेकवायचं, दाबायचं, दाबत दाबतच वर ओढायचं, दाब सोडायचा आणि मग झटकन उचलायचं. धाकटी हे मोठ्यानं म्हणत करते: "दाब, ओढ, सोड, उचल." सोडायच्या आधी उचललं की सगळे दोरे एकमेकांना चिकटून लांब शेपटी येते, ते तिचं तिलाच कळलं. सिंहाची आयाळ, अस्वलाची लव, साळिंदराचे काटे, कोंबडीचं पिल्लू, सगळं या एका नोझलवर होतं. केसाळ प्राण्यात एखादा झुबका वाकडा गेला तर तो आणखी खराच वाटतो. गुळगुळीत प्राण्यांचं तसं नाही. बेडूक किंवा डुक्कर करायचं तर क्रीम सुरीनं सपाट करावं लागतं, आणि तिथे धाकटीचा धीर सुटतो. म्हणून सुरुवात नेहमी केसाळ प्राण्यांपासून करा. कार्डांचा क्रम नेमका उलटा आहे.

कापडी बॅग मुलांसाठी फार मोठी. भरपूर क्रीम भरलं की दाबायला दोन्ही हात लागतात, हातांच्या उबेनं आतलं बटर पातळ होतं आणि आयाळ खाली बसते. एकदा वापरून टाकायच्या लहान बॅगा घ्या, निम्म्याच भरा, वरचं तोंड पिळून रबरबँड लावा. क्रीमचं प्रमाण वजनानं एक भाग बटर, दोन भाग पिठीसाखर. बटर बोटानं दाबलं तर खळगा पडावा, पण तुपकट चमक नको. मधेच सैल झालं तर बॅग दहा मिनिटं फ्रिजमध्ये. तेवढ्यात हात धुऊन घ्यायचे.

फॉन्डंटच्या कटरबद्दल फार लिहीत नाही. इवले कान कापले जातात, उचलताना फाटतात, आणि मुलं रंग निवडेपर्यंत उघडा गोळा वाळून भेगाळतो. फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलं की त्यावर दव धरतं आणि हत्तीची सोंड चिकट होते. कटर माळ्यावर. त्याऐवजी मार्शमॅलो तिरका कापा, कापलेली चिकट बाजू गुलाबी साखरेत दाबा, मांजराचा कान तयार. अस्वलाला चॉकलेटची बटणं, घुबडाला बदामाच्या कापांची पिसं. बदाम वापरणार असाल तर पाहुण्या मुलांना सुकामेव्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारा. साखरेचे कडक डोळे आणि मोती चार वर्षांखालच्या मुलांना देऊच नका, घशात अडकू शकतात.

डोळ्यांवरून आठवलं. कार्डांवरचे सगळे प्राणी काहीसे रागीट दिसतात आणि कारण कळायला वेळ लागला: डोळे फार वर आणि जवळ जवळ आहेत. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ आणि चेहऱ्यावर खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे दिसले की आपल्याला ते पिल्लू वाटतं आणि माया येते. कपकेकवरही हे चालतं. आम्ही डोळे मध्यरेषेच्या थोडे खाली, एकमेकांपासून दूर लावतो, आणि नाक अगदी त्यांच्यामध्ये. एकदा थोरल्यानं माझ्या सिंहाकडे बघून म्हटलं, "बाबा, तुझा सिंह ऑफिसला चाललाय." डोळे खाली सरकवले आणि छावा झाला. डोळे सगळ्यात शेवटी लावा, क्रीमच्या ओलाव्यानं त्यांचा काळा रंग पसरतो.

बरीच मुलं जमणार असतील तर केक आदल्या दिवशी भाजून ठेवा, क्रीमही रंगवून ठेवा, आणि मुलांसमोर फक्त सजावट घ्या. गरम केकवर क्रीम टिकत नाही आणि तो निवायला लागणारा तास मुलांच्या गर्दीत फार लांब असतो. बिनसजावटीचे केक हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहतात.

शेवटची तक्रार धुण्याची. गवताच्या नोझलच्या भोकांत बटर गोठून बसतं आणि ते काढायला किटमध्ये ब्रशच नाही. गरम पाण्यात साबण घालून भिजवायचं, मग दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशनं आतून बाहेर ढकलायचं. पुसून भागत नाही, म्हणून बंद केलेल्या ओव्हनच्या उबेत वाळवतो. तरी गोल नोझलच्या जोडावर तांबेरा आलाच, ते टाकून दिलं.