स्कार्पेटा घ्यावी की ब्रेनन?

स्कार्पेटा आणि ब्रेनन या दोन इंग्रजी रहस्यकथा-मालिकांच्या नायिका. एक शवविच्छेदन करणारी डॉक्टर, दुसरी हाडांवरून ओळख पटवणारी तज्ज्ञ. यातली कुठली मालिका वाचायला घ्यावी, एवढाच प्रश्न. स्कार्पेटाची पहिली सहा पुस्तकं मी एकाच पावसाळ्यात वाचून काढली. वेंगुर्ल्याला आषाढात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही. पडवीत इमर्जन्सी दिवा, बाहेर पागोळ्यांचा आवाज आणि समोर अमेरिकेतल्या रिचमंडच्या शवागारात उभी डॉक्टर के स्कार्पेटा. "मढ्यांची पुस्तकं जेवणाच्या पानाशी नकोत," आई ओरडायची. ब्रेनन माझ्या हाती पुष्कळ नंतर लागली. तेव्हा माझं मत थोडं कलतं वाटलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात स्कार्पेटाचीच जोरदार, यात वाद नको. पॅट्रिशिया कॉर्नवेल यांनी व्हर्जिनियाच्या वैद्यकीय परीक्षकांच्या (संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या) कार्यालयात सहा वर्षं नोकरी केली होती, आणि १९९० च्या 'पोस्टमॉर्टम'मध्ये ते पानोपानी जाणवतं. प्रेतावर लेझर मारला की चकाकणारे कण, आणि ते आले कुठून याचा पाठपुरावा. टीव्हीमुळे हे सगळं आता आपल्याला पाठ झालंय, पण डीएनए तपासणी नवी होती त्या काळातलं हे पुस्तक आहे. शिवाय दिवसभर चिरफाड करून ही बाई घरी येते आणि इटालियन स्वयंपाकाला लागते, ते मला फार आवडतं.

कॅथी राइक्स यांची टेम्परन्स ब्रेनन १९९७ ची. राइक्स स्वतः हाडांवरून ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञ. माँट्रियलच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांनी खरंच काम केलंय. (तिच्यावरची 'बोन्स' ही टीव्ही मालिका पाहिली असेल तर ती बाजूला ठेवा, त्यातली ब्रेनन वेगळीच.) वैताग इथेही आहे. प्रकरण संपत आलं की फोन वाजणार, नाहीतर दारात कुणीतरी उभं असणार. आणि शेवटी बाई अंधारात एकटीच जाणार! दहाव्या पुस्तकापर्यंत याचं हसू यायला लागतं.

तरी माझं घोडं अडलं ते स्कार्पेटापाशी. (पुढे एक जुनं रहस्य फुटतंय, नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) १९९८ च्या 'पॉइंट ऑफ ओरिजिन'मध्ये तिचा प्रियकर बेंटन आगीत जातो. मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. २००३ मध्ये 'ब्लो फ्लाय' आलं, आणि बेंटन जिवंत! लपवून ठेवला होता म्हणे. आमच्या जत्रेत दशावतारी नाटकात रात्री मेलेला राक्षस पहाटे रंग पुसून चहा पिताना दिसतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. खेळच तसा आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारलाही हे शोभलं असतं. पण 'प्रेत खोटं बोलत नाही' या एका बोलीवर जी मालिका उभी, तिथेच मेलेला माणूस परत आला, तर पुढच्या मढ्यावर मी विश्वास कसा ठेवायचा? त्यातच आधी स्कार्पेटा स्वतःच गोष्ट सांगायची, ती निवेदनातली 'मी'सुद्धा त्या पुस्तकात गेली. २०१० च्या 'पोर्ट मॉर्च्युअरी'त ती परतली, पण तोवर कटकारस्थानं, भाची ल्युसीची हेलिकॉप्टरं आणि एकमेकांवरचे संशय यांनीच घर भरलं होतं.

हेच आवडणारेही खूप आहेत. माझी मावसबहीण म्हणते, "खून कुणी का करेना, मरिनोचं (स्कार्पेटाच्या सोबतीच्या पोलिसाचं) काय झालं ते सांग." इतकी वर्षं सोबत काढली की पात्रं घरची होतात. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

ब्रेननने मला असं कधी फसवलं नाही. एकदा गणपतीनंतर किनाऱ्यावर एक लांब हाड आलं आणि वाडीत बोंब झाली की माणसाचं आहे. मी उलटून पाहिलं तर टोकाचा भाग गळून गेलेला आणि खालचा पृष्ठभाग खडबडीत, लाटालाटांचा. वाढ पुरी झाली की ही टोकं हाडाला सांधली जातात. सांधली नव्हती, म्हणजे वय कोवळं. एवढं ब्रेननच्या जिवावर सांगितलं. वासराचं आहे हे मात्र गुरांच्या डॉक्टरांनीच ओळखलं.

स्कार्पेटाची पहिली सहा हवी असतील तर खुशाल घरी न्या, पावसात भिजवू नका म्हणजे झालं. ब्रेननची मात्र इथे पडवीत बसूनच वाचायची.