भेटीला येणारा कुत्रा की रुग्णालयातच कामाला असलेला?

मुलांच्या रुग्णालयात थेरपी डॉग, म्हणजे रुग्णांना धीर देणारा कुत्रा, आणायचा तर दोन वाटा आहेत. पहिली सोपी. स्वयंसेवक स्वतःचा, स्वभावाची पारख झालेला कुत्रा घेऊन ठरल्या दिवशी तासभर वॉर्डात येतो. लसी, आंघोळ, नखं आधीच उरकलेली असतात आणि रुग्णालयाला खर्च फारसा पडत नाही. कंटाळलेल्या वॉर्डात त्या तासाभरात जी जान येते, ती मोलाचीच.

दुसरी वाट जपानमध्ये शिझुओकाच्या बालरुग्णालयाने २०१० मध्ये धरली. बेली नावाचा गोल्डन रिट्रीव्हर हवाईत शिकून तिथे पूर्णवेळ रुजू झाला. त्याला सांभाळायला परिचारिका होती, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. आज कोणाच्या पांढऱ्या पेशी घसरल्यात, कोणापासून कुत्रा लांब ठेवायचा, कोणाच्या पाठीत सुई घालायची आहे, हे परिचारिकेला ठाऊक असतं. म्हणून कुत्रा नेमक्या वेळी उशाशी असतो, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोबत चालतो. दर मंगळवारी येणाऱ्या पाहुण्याला हे कसं जमावं? मुलाची भीती वार बघून येत नाही.

हा मार्ग महाग आहे: लांबलचक प्रशिक्षण, परिचारिकेचा पगार, शिवाय कुत्र्याची रोजची विश्रांती. (तो ताणाने वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तर काम तिथेच थांबवावं. दोन्ही वाटांवर.)

वृद्धाश्रमासाठी मी बिनदिक्कत भेटीचा कुत्रा निवडेन. पण कर्करोगाच्या वॉर्डात, जिथे मूल महिनोन्महिने राहतं, तिथे पैसे उभे करून कायमचाच आणावा.