मूगचा एमएफ-१०१ फिल्टर: बेसला बाहेरून लावलेला टोन नॉब

आधीच सांगून टाकतो, हे पेडल आता नवीन मिळत नाही. मूग या अमेरिकन सिंथेसायझर कंपनीने मूगरफूगर ही पेडलांची अख्खी सिरीजच २०१८ मध्ये बंद केली, त्यामुळे जे काय आहे ते सेकंडहँड, आणि मी पण सेकंडहँडच घेतलंय, अमेरिकेतून येणाऱ्या एका मित्राच्या बॅगेतून आलं. केवढ्याला ते विचारू नका, घरी जो आकडा सांगितलाय तोच इथे पण सांगावा लागेल. दीड वर्ष झालं वापरतोय, बेसवर जास्त आणि गिटारवर अधूनमधून, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. आठ दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूंवर माझा फार विश्वास नाही.

माझं काम काय ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, गणपती, नवरात्र, हळदीचे कार्यक्रम, आणि रविवारी आम्ही तिघं मिळून एका मित्राच्या बंद गाळ्यात फंक वगैरे वाजवतो ज्याला ऐकायला कोणी नसतं. बेस साधा जॅझ बेस टाइपचा, पॅसिव्ह म्हणजे आत बॅटरी नसलेला, राउंडवाउंड म्हणजे खरखरीत, चमकदार आवाजाच्या तारा.

एमएफ-१०१ म्हणजे काय तर लोपास फिल्टर, खालचा आवाज जाऊ देतो, वरचा कापतो. बॉब मूगने साठच्या दशकात आपल्या सिंथेसायझरसाठी जो लॅडर फिल्टर बनवला, ज्याचं पेटंट १९६९ ला मिळालं, तोच फिल्टर उचलून पेडलच्या डब्यात घातलाय. १९९८ ला हे आलं तेव्हा कंपनीचं नाव पण मूग नव्हतं, बिग ब्रायर होतं, स्वतःच्या नावाचा हक्क त्या माणसाला २००२ मध्ये परत मिळाला. बाजूला लाकडी पट्ट्या, वर मोठे काळे नॉब, दिसायला पेडल कमी आणि आजोबांचा रेडिओ जास्त. नॉब पाच: ड्राइव्ह, मिक्स, अमाउंट, कटऑफ (कुठून वर कापायचं ती जागा), रेझोनन्स (त्या जागेपाशी आवाज किती उठवायचा). आणि दोन स्विच, एक स्मूद किंवा फास्टचा, म्हणजे फिल्टर सावकाश हलायचा की झटकन, दुसरा टू-पोल किंवा फोर-पोलचा, म्हणजे वरचा आवाज हळू उताराने कापायचा की तीव्र.

आता बहुतेक लोक हे घेतात ते ऑटो-वाह म्हणून. म्हणजे तार जोरात छेडली की फिल्टर उघडतो, आवाज विरला की मिटतो, "व्याव व्याव". मी पण त्याच नादात घेतलं. पहिला महिना नुसतं व्याव व्याव केलं, मग आमचा ड्रमर म्हणाला की अरे मांजर पाळलंयस का. आणि खरं सांगू का, त्या प्रकारच्या आवाजात म्यू-ट्रॉन ३ या जुन्या ऑटो-वाह पेडलचा हात कोणी धरत नाही, तो १९७२ चा आहे, फंकवाल्या बूट्सी कॉलिन्सचा बेस ऐकलाय ना, तो रबरासारखा ताणलेला आवाज, तसा यातून हुबेहूब येत नाही. यात जो येतो तो जास्त गोल आणि सिंथसारखा आहे. वाईट नाही, पण वेगळा.

खरी मजा मला सापडली ती अमाउंट शून्यावर आणल्यावर.

अमाउंट शून्य केला की तुम्ही किती जोरात वाजवता त्याचा फिल्टरशी संबंधच तुटतो. कटऑफ जिथे ठेवाल तिथे राहतो. म्हणजे ते पेडल इफेक्ट न राहता टोन नॉब होतो, बाहेरचा. आणि इथे लोक म्हणतात की मग टोन नॉब तर बेसवर आहेच की, त्यासाठी एवढं धूड कशाला. तर त्याचं उत्तर असं की बेसवरचा टोन म्हणजे एक पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) आणि एक कपॅसिटर, बस्स. माझ्या बेसमध्ये २५० केचा पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आहे. तो वरचा आवाज हळूहळू अर्थला सोडून देतो. हिशोब आण्यात सांगतो: साध्या टोनमध्ये कटऑफच्या वर एक ऑक्टेव्ह गेलं की रुपयातले आठ आणे उरतात, टू-पोलला चार आणे, आणि फोर-पोलला फक्त एक आणा. एवढा फरक आहे. बेसवरचा टोन पूर्ण बंद केला तरी बोटांचा खरखराट, तारेवरून सरकण्याचा आवाज थोडा येतच राहतो. फोर-पोलवर कटऑफ खाली आणला की ते सगळं साफ, खाली नुसता थर उरतो. आणि ईक्यू पेडलने हे जमत नाही, माझ्याकडे बॉसचा जीईबी-७ आहे, चांगला आहे, पण त्यात सात ठरलेल्या जागा आहेत, तिथे वरखाली करायचं. उतार कसा हवा, कुठून सुरू व्हायला हवा, हे त्याला सांगता येत नाही.

माझं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सेटिंग हे: टू-पोल, अमाउंट शून्य, रेझोनन्स अगदी किंचित, घड्याळात साडेआठ वाजल्यासारखा, आणि कटऑफ हळूहळू खाली आणत जायचा जोपर्यंत तारेची चमक जाऊन फक्त "थुप्प" उरत नाही. जुन्या गाण्यांची मेडली असली की हेच. फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत तारांचा जो मुका, जाड आवाज असतो ना, त्याच्या बराच जवळ जातो, आणि पुढच्या गाण्याला चकचकीत आवाज हवा असेल तर पाय मारला की राउंडवाउंड परत हजर. दोन बेस घेऊन फिरायचं वाचलं. एका कार्यक्रमात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत नेहमी माझा बेस हरवायचा, मी आपला ट्रेबल वाढवायचो आणि अजून हरवायचो, कारण वर आधीच झुंबड होती. वरचं सगळं सोडून दिल्यावर उलट ऐकू यायला लागला. साउंडवाला येऊन विचारतो, दादा कीबोर्डवर बेस टाकलाय का. मी ते कौतुक समजून घेतलं.

आता दोष. आणि हा बेसवाल्यांसाठी मोठा आहे. लॅडर फिल्टरचा स्वभावच असा की रेझोनन्स वाढवला की खालचा आवाज पातळ होतो. कटऑफच्या जागी टेकाड उभं राहतं आणि त्याची किंमत खाली मोजावी लागते. गिटारला चालून जातं, तिची सगळ्यात खालची ई ८२ हर्ट्झला आहे आणि बँडमध्ये गिटारचा तळ कोणाला नकोच असतो. बेसची ई ४१ हर्ट्झला, आणि तेच तर आपलं दुकान. रेझोनन्स अर्ध्याच्या पुढे गेला की घरात छोट्या अँपवर काही कळत नाही, झकास वाटतं, आणि मंडपात मोठ्या सबवर गेल्यावर कळतं की अरे बेस गेला कुठे.

यावर उपाय म्हणून मिक्स नॉब आहे, कोरा आवाज थोडा मिसळायचा. उपाय आहे पण फुकटचा नाही. फोर-पोलमध्ये कटऑफपाशी फिल्टरमधून आलेला सिग्नल कोऱ्या सिग्नलच्या बरोबर उलट्या फेजमध्ये असतो, त्यामुळे दोन्ही मिसळले की तिथेच एकमेकांना खातात, मधे पोकळी पडते. शिवाय कोरा आवाज आला म्हणजे जो खरखराट घालवायला एवढा खटाटोप केला तो पण मागच्या दाराने आला. म्हणून मी मिक्स पूर्ण फिल्टरवरच ठेवतो आणि रेझोनन्सचा मोह टाळतो. जोरदार रेझोनन्स लागलाच तर फिल्टरच्या नंतर कंप्रेसर (हळू-जोर आवाज एका पातळीवर आणणारं पेडल), म्हणजे एखादा सूर बरोबर त्या टेकाडावर आला की तो अंगावर येतो ते दाबलं जातं. कंप्रेसर आधी ठेवलात तर तो त्या उसळीला काही करू शकत नाही, आणि अमाउंट वापरत असाल तर आणखी पंचाईत, कारण हळू-जोर हा फरकच त्याने आधी खाऊन टाकलेला असतो, फिल्टरला उघडायचं कधी ते कळत नाही.

ड्राइव्ह नॉबबद्दल दोन शब्द. नुसता व्हॉल्यूम समजू नका. वाढवला की आवाज हलकासा कुरकुरतो, तापलेल्या अँपसारखा, लेव्हलचा दिवा हिरव्याचा लाल होतो. मला तो जरा रंगात आलेला आवडतो. जोरात वाजवणाऱ्यांनी कमी ठेवा.

फिल्टरच्या आधी ओव्हरड्राइव्ह किंवा ऑक्टेव्ह पेडल लावून बघाच. कारण सोपं आहे, फिल्टर काही घालत नाही, काढतो, मग काढायला आधी काहीतरी असलं पाहिजे. साध्या बेसमध्ये वरचे हार्मोनिक्स थोडेच, फझ म्हणजे आवाज फाडणारं पेडल लावलं की खच पडतो, आणि मग कटऑफ फिरवताना जो आवाज सरकतो तो थेट सिंथ. यावरून आठवलं, रोलंडची टीबी-३०३ नावाची पेटी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली होती, ती खरं तर एकट्याने रियाझ करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेली, चालली नाही, १९८४ ला बंद. पण हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच मुंबईत ती वापरून रागांची रेकॉर्ड काढली होती, तो फिल्टरचा चिवचिवाट घेऊन. जगाला ते पुढे कित्येक वर्षांनी कळलं. त्यामुळे ऑर्केस्ट्रावाल्याने फिल्टरच्या नादी लागणं यात मी काही नवीन करत नाहीये.

गिटारवर मी दोनच गोष्टींसाठी वापरतो. एक, नेक पिकअप आणि टू-पोल, कटऑफ अर्ध्यावर, जॅझसारखा मऊ आवाज, पण गिटारचा टोन बंद केल्यावर जो घोंगडी पांघरल्यासारखा होतो तसा नाही, कारण रेझोनन्स थोडा देऊन कडेला धार ठेवता येते. दुसरं, कटऑफच्या जॅकला एक्स्प्रेशन पेडल (नॉबचं काम करणारी पायाची फळी) लावून कटऑफ पायाने फिरवणं. वाह पेडल आहे मग हे कशाला, तर वाह तळ पण कापतो, हा कापत नाही, शिवाय वाह साधारण ४०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झमध्ये फिरतो आणि हा २० हर्ट्झ ते १२ किलोहर्ट्झ, म्हणजे पूर्ण बंद दारापासून सताड उघड्यापर्यंत. फक्त एक बघून घ्या, एक्स्प्रेशन पेडलांमध्ये प्लगच्या टोकाची आणि कड्याची (टिप आणि रिंग) जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, माझ्याकडचं पहिलं पेडल शेवटच्या बोटभर जागेतच सगळं काम करायचं, दुसरं मागून आणलं तेव्हा नीट चाललं.

रेझोनन्स फुल केला तर फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो. गिटार वाजवायची पण गरज नाही. एका रिहर्सलला माझ्या बुटाच्या कडेने नॉब फिरला आणि हॉलभर कर्कश्श शीळ, गायिका कान धरून माइकपासून लांब, साउंडवाला धावत जाऊन तिचाच माइक खाली करतोय, मॉनिटर फिरवतोय, फीडबॅक आहे फीडबॅक आहे म्हणून. मी हळूच पेडल बायपास केलं आणि गप्प बसलो. अजून कोणाला माहीत नाही. तेव्हापासून स्टेजवर रेझोनन्सच्या नॉबला इलेक्ट्रिकलची काळी टेप.

पॉवरचं मात्र नीट वाचा. बॅटरी बसत नाही, फक्त अडॅप्टर. ९ व्होल्टच, पण मधला पिन पॉझिटिव्ह, आपल्या नेहमीच्या बॉस वगैरे पेडलांच्या बरोबर उलटा. म्हणजे पेडलबोर्डच्या डेझी चेनमध्ये, एकाच अडॅप्टरवरून सगळ्यांना जाणाऱ्या वायरीत, घालता येत नाही, उलट करणारी वेगळी वायर आणि आयसोलेटेड म्हणजे इतरांपासून तोडलेला आउटपुट लागतो. आणि अमेरिकेतून आणलेल्या पेडलसोबत तिथलाच १२० व्होल्टवाला अडॅप्टर येतो, तो आपल्या सॉकेटमध्ये थेट घातलात तर पेडलच्या आधी तोच स्वर्गवासी. मी शहाणपणा करून तो बाजूला ठेवला आणि बाजारातून ९ व्होल्टचा आणला, दुकानदार म्हणाला सगळ्याला चालतो साहेब. चालला नाही. एक दिवा लागेना. एवढे पैसे घालून आणलेलं पेडल मेलं या विचाराने त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याने मीटर लावला, पोलॅरिटी उलटी, वायर बदलून दिली, दिवा लागला. माझं नशीब की आत काही जळलं नाही, तुमच्या नशिबाची परीक्षा बघू नका.

आकार पण मोठाच. बोर्डवर तीन पेडलची जागा एकटा खातो. लोकलमधून गिग करणाऱ्याने विचार करून घ्यावा, मी मेडली नसेल तेव्हा घरीच ठेवतो.

घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला मी तरी हे घ्यायला सांगणार नाही. मूगने २०२२ मध्ये हीच सिरीज प्लगिन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, म्हणून काढली, त्यात हा फिल्टर आहे, पोलॅरिटीची भानगड नाही, बुटाने नॉब फिरत नाही. नुसतं व्याव व्याव हवं असेल तरी दुसरे लहान आणि स्वस्त एन्व्हलप फिल्टर, म्हणजे ऑटो-वाहच, पुष्कळ मिळतात. पण स्टेजवर बेस वाजवता आणि तुमच्या बेसवरच्या टोन नॉबने तुम्हाला कधीच समाधान दिलेलं नाही, आणि कोणी चालू स्थितीतलं विकत असेल, तर एकदा लावून बघा, अमाउंट शून्यावर ठेवून. घेताना सगळे नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ऐका, जुने झालेत आता. माझ्याचा मिक्सचा पॉट गेल्या महिन्यापासून खरखरतोय, कॉन्टॅक्ट क्लीनर आणून ठेवलाय, नवरात्राच्या तारखा संपल्या की उघडतो.