जुनी इनोव्हा, दीड वर्ष वापरल्यावर: मुख्यतः छतातल्या पाण्याबद्दल

इनोव्हाचं इंजिन, तिचा दणकटपणा, रीसेल याबद्दल इतकं लिहून झालंय की त्यात मी भर घालत नाही. आमची 2013 ची जीएक्स, 2.5 डिझेल, आठ सीटवाली, एमएच-43 म्हणजे नवी मुंबईचं पासिंग, आम्ही दुसरे मालक. घेऊन दीड वर्ष होत आलं. गाडी मीच चालवते. लिहायला बसले आहे ते मागच्या एसीबद्दल, कारण त्याने आमच्या घरात जेवढी भांडणं लावली तेवढी गाडीच्या किमतीनेही लावली नव्हती.

ज्यांनी ही गाडी वापरली आहे त्यांना माहीत आहे की मागच्या दोन रांगांचं कूलिंग छतात असतं. वेगळी कॉइल, वेगळा ब्लोअर, आणि झरोके थेट डोक्यावर. मुंबईच्या उन्हाळ्यात सहा माणसं मागे बसली तरी पाच मिनिटांत गार होतं, ही या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू. छोट्या सात सीटर गाड्यांत शेवटच्या रांगेतली माणसं भाजत असतात हे मी जावेच्या गाडीत अनुभवलंय.

तर एप्रिलमध्ये ऐरोली पुलावर मी जरा जोरात ब्रेक दाबला आणि छतातून अर्धा पेला थंडगार पाणी मधल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर पडलं. त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "अगं, शनिवारी न्हाऊ नये म्हणून आज केस धुतले नव्हते, ते तू धुवून दिलेस." त्यानंतर महिनाभर त्या पुढच्या सीटवर बसत होत्या आणि आमचे हे मागे, टॉवेल घेऊन.

एका मोठ्या मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये गाडी नेली. नाव लिहीत नाही. काचेची केबिन, कॉफीचं मशीन, सगळं आहे. तासाभराने एस्टिमेट आलं: मागची कूलिंग कॉइल बदलायची, त्यासाठी पूर्ण छताचं लायनिंग उतरवायचं, नवीन गॅस, मजुरी, मिळून चौतीस हजार. मी विचारलं, कॉइल लीक असेल तर गॅस जाईल, कूलिंग कमी होईल. इथे तर मागे बसणारा शाल मागतोय, मग कॉइल खराब कशी? तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ते टेक्निकल आहे. साहेबांना फोन द्या, मी त्यांना समजावतो." साहेबांना क्लच कुठे आणि ब्रेक कुठे एवढं सांगता येतं, त्यापुढे नाही. मी गाडीची चावी परत मागितली. तपासणीचे म्हणून साडेसातशे रुपये घेतले, ते अजून माझ्या डोक्यात आहेत.

यात टेक्निकल फार काही नाही. कॉइल थंड असते, दमट हवा तिच्यावरून गेली की पाणी सुटतं. पुढच्या एसीचं पाणी गाडीखाली ठिबकताना सगळ्यांनी पाहिलंय. मागच्या कॉइलचं पाणी छतातल्या एका ट्रेमध्ये जमतं आणि बारीक रबरी नळीने खांबाच्या आतून खाली उतरतं. त्या नळीत दहा-बारा वर्षांची धूळ आणि शेवाळासारखा चिकट गाळ बसला की पाणी ट्रेमध्येच राहतं. ब्रेक मारला की पुढे येतं, घाट चढताना मागे जातं. म्हणजे पाणी कुठे पडतंय यावरून रस्ता कसा आहे ते कळतं, गाडीत बिघाड काय ते नाही. कूलिंग उत्तम आणि पाणी भरपूर असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा नळीच तुंबलेली असणार असं माझं मत झालंय.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एसीचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांनी एस्टिमेटचा कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कॉइल को हाथ भी मत लगाओ." खालून नळीचं तोंड शोधलं, हवेचा प्रेशर मारला, आणि जे काळं बाहेर आलं ते मी इथे वर्णन करत नाही. आठशे रुपये. चहा त्यांनीच पाजला.

तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर 'नळी साफ करा, विषय संपला' असं लिहून मोकळी झाले असते. मग जुलै आला.

पाऊस लागल्यावर पुन्हा गळती सुरू झाली, पण या वेळी पेलाभर नाही, थेंब थेंब, आणि शेवटच्या रांगेत. मुलगा तिथे बसतो. ब्रेकशी, चढाशी काही संबंध नाही. गाडी सिग्नलला उभी असतानाही टपटप. मला वाटलं चाचांनी काम अर्धवट केलं. त्यांनी नळीत पाणी ओतून दाखवलं, सरळ खाली आलं. मग मागच्या बाजूने लायनिंग थोडं खाली घेतलं तेव्हा कळलं: थंड पाइपांवर आणि हवेच्या नळकांड्यावर जो फोम गुंडाळलेला असतो त्याचा भुगा झाला होता. हात लावला की पिठासारखा गळत होता. उघड्या थंड पाइपावर जुलैची मुंबईची हवा लागली की बाहेरूनच पाणी धरतं. एसीच्या आत काहीच बिघाड नाही. एप्रिलमध्ये हे दिसलं नाही, कारण हवा तेवढी दमट नव्हती, आणि दिसलं असेल तरी नळीच्या पाण्यात मिसळून गेलं. नवीन फोम, टेप, मजुरी मिळून अठराशे. लायनिंगवर एक पिवळट डाग राहिलाय, तो जात नाही. त्यानंतर पूर्ण पावसाळा कोरडा गेला.

म्हणून आता माझं मत असं: दहा वर्षांवरची इनोव्हा घेतली की नळी आणि फोम दोन्ही एकदाच करून टाका, गळण्याची वाट पाहू नका. खर्च एका टायरच्या निम्माही नाही. आणि चौतीस हजारांची कॉइल दोन्ही वेळा लागली नव्हती, हे मी सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगितलंय, काहींना दोनदा.

बाकीचं थोडक्यात सांगते.

जागा. ही गाडी घेतली ती जागेसाठीच. आम्ही चौघं, सासूबाई, आणि गावाला जाताना दीर-जाऊ. आठ सीटवाली घ्यायची की मधे दोन वेगळ्या खुर्च्यांची सात सीटवाली, यावर घरात बरीच चर्चा झाली होती. खुर्च्या ऐटबाज दिसतात, पण मधला बाक असला की झोपलेल्या मुलाला आडवं करता येतं आणि सासूबाईंना पाय वर घेऊन मांडी घालता येते. त्या पनवेल सुटलं की चप्पल काढून मांडीच घालतात. शेवटची रांग मोठ्या माणसाला पनवेलपर्यंत ठीक, देवरूखपर्यंत नाही. गुडघे वर येतात. दीर एकदा हौसेने बसले, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये उतरून चालायला लागले आणि गाडीच्या पुढे निघून गेले.

सामानाचा प्रश्न मात्र आहे. शेवटची रांग उघडी असेल तर मागे दोन बॅगा आणि एक पिशवी, बस. ती रांग दोन्ही बाजूंना भिंतीला उचलून लावता येते, तेव्हा गोदाम होतं, पण तेव्हा माणसं कुठे बसवायची? मे महिन्यात परतताना तांदूळ, कोकम, चार फणस आणि आठ माणसं असं गणित बसत नाही. शेवटी वर कॅरिअर लावला. फणस टपावर, वास आत.

गणपतीत मुंबई-गोवा हायवे. वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव, ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही एसी चालू, आठ माणसं, आणि टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट वाचतो, पण तिथे पोचेपर्यंत मी जो क्लच दाबते त्याने डावा गुडघा दुसऱ्या दिवशी बोलतो. क्लच जड आहे. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांनी टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर घेऊ नये, संध्याकाळी सहाला एलबीएस रोडच्या गर्दीत घ्यावी. खड्ड्यांत गाडी छान जाते, वळणावर झुलते, शेवटच्या रांगेतल्याला उलटीची गोळी द्या.

मायलेज. मुंबईत दोन्ही एसी लावून साडेनऊ-दहा, हायवेला साडेबारा-तेरा. डिझेल नव्वदच्या आसपास धरा, म्हणजे शहरात किलोमीटरला नऊ रुपये. पेट्रोलवाले मित्र हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलच्या नावाने बोटं मोडतात, तेवढी एक कटकट आम्हाला नाही. पण खरं सांगायचं तर सोमवार ते शुक्रवार मी मुलुंडहून लोकलनेच जाते. पास काढलेला आहे, आणि सीएसएमटीला ही गाडी लावायची कुठे? म्हणजे लाखो रुपयांची गाडी पाच दिवस झाडाखाली उभी असते. झाडाखाली का, तर सोसायटीच्या मेकॅनिकल पार्किंगमध्ये ती जात नाही. सेडानच्या उंचीचे पाळणे आहेत आणि ही गाडी पावणेदोन मीटर उंच. गाडी घेण्याआधी टेपने पार्किंगची उंची मोजा, विक्रेता हे सांगणार नाही. झाडावर कावळ्यांची वस्ती आहे. कव्हर घातलं तर रोज काढघाल, नाही घातलं तर रोज पाणी. गव्हाणपाड्याच्या गल्लीत रविवारी भाजीवाले बसले असताना वळवणं हा वेगळाच व्यायाम.

कागदपत्रं. एमएच-43 ची गाडी मुलुंडला आणायची तर राज्य तेच, त्यामुळे नव्याने रोड टॅक्स नाही; मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, विमा, पीयूसी, आणि आधी कर्ज असेल तर ते आरसीवरून उतरलंय ना ते बघणं. पैसे देण्याआधी गाडीच्या नंबरवर ई-चलन तपासा. आमच्या आधीच्या मालकाची सहा चलनं निघाली, बहुतेक वेगाची, ती त्याच्याकडून भरून घेतल्यावरच मी टोकन दिलं. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आपली आपण बसवून घ्यायची, तीही बसली आहे का बघा, नसेल तर तेवढे पैसे कमी करा. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, त्याची फीच 2022 पासून पाच हजार आहे, वर पर्यावरण कर. आमची 2028 ला पंधराची होईल. तेव्हाचं तेव्हा, असं हे म्हणतात. मी त्यासाठी वेगळं रिकरिंग खातं काढलंय.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह मलाही झाला होता. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आल्यामुळे अशा गाड्या इकडे येतात. किंमत खरंच कमी असते, पण एनओसी, इथला टॅक्स आणि आरटीओच्या चकरा धरल्या की फरक फारसा उरत नाही. टुरिस्टची पिवळी प्लेट उतरवून पांढरी केलेली गाडी तर नकोच. किलोमीटरचा आकडा बघू नका, क्लचच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड बघा.

टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा आधीच्या मालकाकडे नव्हता. "बदललाय" एवढंच म्हणाला. बेल्ट धावताना तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग चौतीस हजार स्वस्त वाटतील. म्हणून गाडी आल्या आल्या टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) बेल्ट बदलून घेतला. इथे मी काटकसर केली नाही. जुना बेल्ट बाहेर आला तो अगदी चांगला होता, म्हणजे तो माणूस खरं बोलत होता. तरी मला झोप लागली, त्यामुळे पैसे वसूल.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकांनी गाडीला किंमत सांगितली, आम्ही घेतली त्यापेक्षा जेमतेम चाळीस हजार कमी. नवरा विकायला तयार होता. मी म्हटलं, एवढा खर्च करून छत कोरडं केलंय, आता त्यांना कशाला देऊ? त्यांना ही गाडी हवीच असेल तर बाजारात भरपूर आहेत. फक्त बघायला जाताना मागचा एसी फुल करून अर्धा तास बसा, गाडी आधी चढावर लावा, मग उतारावर, आणि ती अर्धी तपासणी पावसाळ्यात करा. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यापेक्षा रिक्षा बरी.