जुन्या जीपच्या स्टेअरिंगमधले पाच आवाज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

१९६९ सालची उंच बॉनेटची सीजे-३बी जीप माझ्याकडे येऊन आता आठ महिने झाले. या काळात ती सुमारे ४,२०० किलोमीटर चालली आणि त्यातले बहुतेक अंतर कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, या एकाच रस्त्यावरचे आहे. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, २.२ लिटरचे चार सिलिंडरांचे हरिकेन पेट्रोल इंजिन पेट्रोल भरपूर पिते, हे घेतानाच ठाऊक होते. लिहायचे आहे ते स्टेअरिंगबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत त्यातून पाच निरनिराळे आवाज येत होते आणि मी ते सगळे एकाच बिघाडाचे समजून चुकीच्या जागी पैसे घातले.

या जीपमध्ये चाक फिरवणाऱ्याच्या हातापासून टायरपर्यंतची साखळी लांब आहे. स्टेअरिंगच्या दांड्याखाली कॅम आणि लिव्हर पद्धतीचा बॉक्स (खाच असलेला कॅम फिरला की लिव्हर हलतो), त्याच्या हाताला ड्रॅग लिंक ही ओढदांडी, पुढे मधोमध बेल क्रँक हा पिनवर फिरणारा तरफेसारखा तुकडा, त्याच्यापासून दोन्ही बाजूंना जाणारे दोन टाय रॉड आणि शेवटी किंगपिनवर, म्हणजे टायर वळतो त्या उभ्या पिनवर, फिरणारे बंद गोलाकार नकल, म्हणजे टायरला वळवणारे सांधे. या साखळीतला प्रत्येक सांधा लोखंडाने लोखंडाला जोडलेला असल्यामुळे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचतो, आणि चालकाला तो नेहमी दांड्यातूनच आल्यासारखा वाटतो. त्यामुळे जो तो आधी स्टेअरिंग बॉक्सवर संशय घेतो. मीही तेच केले.

गाडी घेतल्यानंतर पंधरा दिवसांतच एका गॅरेजमध्ये तक्रार सांगितली. तिथल्या माणसाने चाक डावी-उजवीकडे हलवून पाहिले, ‘बॉक्सला प्ले आहे’, म्हणजे सांध्यात सैलपणा आहे, असे निदान केले आणि झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून लॉक नट बसवला. सरळ रस्त्यावर दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी घाटातल्या एका वळणानंतर चाक सोडले तरी ते परत फिरेना. हाताने ओढून सरळ करावे लागले. समोरून मालवाहू ट्रक येत असताना हा अनुभव घेणे कोणालाही आवडणार नाही. आवाज मात्र सगळेच्या सगळे जिथल्या तिथे होते.

असे का झाले, हे नंतर एका वयस्क मिस्त्रींनी बॉक्स समोर ठेवून दाखवले. या पद्धतीच्या बॉक्समध्ये कॅमची खाच मधल्या भागात मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, म्हणजे चाके सरळ असताना प्ले कमीत कमी राहतो आणि वळणात तो थोडा वाढतो. म्हणून स्क्रू आवळायचा तो बॉक्स बरोबर मध्यावर असतानाच. माझ्या गाडीत पूर्वी कोणीतरी टाय रॉड कमी-जास्त लांबीचे बसवून चाके सरळ केली होती. त्यामुळे टायर सरळ असताना बॉक्स मध्यापासून बाजूला सरकलेला, म्हणजे सैल भागात होता. तो सैलपणा स्क्रूने काढल्यावर खरा मध्य अडकू लागला. बॉक्समध्ये दोष जवळजवळ नव्हताच. तेलाऐवजी त्यात घट्ट ग्रीस कोंबलेले होते, ते काढून गिअर ऑइल भरले आणि स्क्रू मध्यावर आणून बेताचा बसवला, एवढेच काम निघाले.

यानंतर आवाज ऐकण्याची पद्धत बदलली. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी येत नाही, हे महिनाभर एका वहीत लिहीत गेलो. गाडी उभी की चालती, चाकावर वजन आहे की नाही, फोर व्हील (पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद देणारी जोडणी) टाकले आहे की काढलेले, वळण किती तीव्र, सकाळची वेळ की तापलेली गाडी. माझ्या मते या आठ महिन्यांत केलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च ही वही होती.

पहिला आवाज होता तो दिशा बदलताना येणारा एकच ‘ठक्’. गाडी उभी असताना, टायर जमिनीवर असताना, मुलाला चाक दोन्हीकडे चार बोटे हलवत ठेवायला सांगितले आणि मी खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. जिथे धक्का हाताला लागतो तिथेच झीज असते. कानापेक्षा बोटे इथे अधिक प्रामाणिक ठरतात. ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांना थोडा धक्का होता, पण बेल क्रँक चक्क वर-खाली डुलत होता. त्याचा पिन एका बाजूने झिजून अंडाकृती झाला होता आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) जुन्या रंगाखाली बुजले होते, म्हणजे कित्येक वर्षे तिथे ग्रीस गेलेच नसावे. लेथवर नवा पिन आणि बुश करून घेतले. ड्रॅग लिंकच्या टोकांचे प्लग पूर्ण आवळून किंचित मागे घेतले आणि नव्या स्प्लिट पिन घातल्या. ‘ठक्’ त्या दिवशी गेला आणि आजपर्यंत परतलेला नाही.

दुसरा आवाज उभ्या गाडीत चाक फिरवताना येणारी ‘करकर’. हा किंगपिनचा असणार अशी माझी खात्री होती. पण मिस्त्रींनी चाकाला हात न लावता बॉडी धरून गाडी नुसती डावी-उजवीकडे डोलवली, आणि तीच करकर ऐकू आली. आवाज पाट्याच्या (पानांच्या स्प्रिंगच्या) शॅकलचा, म्हणजे पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचा होता. या गाडीतल्या शॅकलला आट्यांचे बुश असतात आणि ते कोरडे पडले की चाक फिरवताना गाडी जेवढी कलते तेवढ्यानेही कुरकुरतात. ग्रीस गन लावल्यावर तीन बुश बोलायचे थांबले. चौथ्याच्या निपलमधून ग्रीस आत जाईना, म्हणून तो खोलून साफ करावा लागला. खर्च जवळजवळ नाही, पण या एका आवाजापायी मी किंगपिनचा पूर्ण संच आधीच विकत घेऊन ठेवला होता.

तो संच वाया गेला नाही, ही गोष्ट वेगळी. ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास खड्डा लागला की पुढची चाके थरथरत आणि स्टेअरिंगचे चाक हातात नाचत असे. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवला आणि टायर वरून व खालून धरून हलवला, तेव्हा डाव्या चाकाला स्पष्ट प्ले होता. असा प्ले हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे : दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. हब आणि ड्रम जखडले जातात. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर दोष हबच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. माझ्याकडे तो राहिला. नकल उघडल्यावर वरच्या बेअरिंगला तेलाचा थेंबही पोहोचलेला नव्हता. दोन्ही बाजूंचे बेअरिंग बदलून शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करत किंगपिनला हलका ताण दिला. इथे घाई करू नये. शिम जास्त काढले तर चाक जड होऊन वळणानंतर परत येत नाही, कमी काढले तर थरथर राहते. आम्ही उजवी बाजू तीनदा खोलली.

तिसरा आवाज सर्वांत फसवा निघाला. उजवीकडे पूर्ण वळवून हळू चालताना ‘टिक टिक टिक’, आणि वेगाबरोबर तो वाढे. फोर व्हील काढलेले असतानाही येत असल्यामुळे मी पुढच्या अ‍ॅक्सलला निर्दोष ठरवले होते, आणि तिथेच चुकलो. या जीपला फ्री व्हीलिंग हब (पुढची चाके शाफ्टपासून सुटी करणारे) नसतील, तर फोर व्हील काढल्यावरही पुढची चाकेच आतले शाफ्ट फिरवत राहतात. म्हणून उजव्या हबवरची ड्राइव्ह फ्लँज (शाफ्ट चाकाला जोडणारी चकती) काढली, धूळ जाऊ नये म्हणून तोंडावर प्लॅस्टिक बांधले आणि शेतातल्या मोकळ्या जागेत पूर्ण वळवून गोल चालवून पाहिले. टिक टिक बंद. याचा अर्थ दोष नकलच्या आतल्या युनिव्हर्सल सांध्याचा, म्हणजे चाक वळलेले असतानाही शाफ्ट फिरू देणाऱ्या क्रॉसच्या सांध्याचा. आधीच्या मालकाने नकलमध्ये भरलेले जाड ग्रीस मेणासारखे कडेला चिकटून बसले होते आणि क्रॉसच्या कपांतल्या सुया कोरड्या होऊन झिजल्या होत्या. नवा क्रॉस बसवला, आत वाहते, पातळ ग्रीस भरले आणि नकलच्या गोलाभोवतीचा नमदा, म्हणजे ग्रीस आत ठेवणारी फेल्टची पट्टी, बदलला. नवा नमदा पहिले काही दिवस वळताना घसटल्यासारखा आवाज करतो. तो तेलात भिजवून बसवला असता तर तोही टळला असता.

चौथा आवाज मुळात बिघाडच नव्हता. पावसाळ्यात बांधावरच्या चिखलातून बाहेर पडल्यावर डांबरी रस्त्यावर वळताना चाक एकाएकी जड होई, खालून घुरघुर येई आणि गाडी उड्या मारल्यासारखी अडखळे. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यांना जास्त फेरे लागतात, आणि फोर व्हील टाकलेले असताना हा फरक निघायला जागा उरत नाही. चिखलात टायर घसरून तो निघून जातो, डांबरावर तो शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये (ताकद दोन्ही अ‍ॅक्सलना वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) ताण होऊन साठतो. फोर व्हीलचा लिव्हर काढला तरी ताणामुळे आतला गिअर सुटत नाही, आणि चालकाला मात्र वाटते आपण फोर व्हील काढले आहे. गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घेतली की खट् होऊन सुटतो. डांबर लागण्याआधीच लिव्हर काढण्याची सवय लागल्यापासून हा आवाज मी ऐकलेला नाही.

पाचवा म्हणजे चाक फिरवताना कानाशी येणारी बारीक ‘चुईं’. दांड्याच्या आतून हॉर्नची तार जाते. वरचे बेअरिंग आणि तारेचा संपर्क कोरडा पडला होता. दहा मिनिटांचे काम, पण पाचांपैकी बाकीच्यांनी त्रास दिला नसता तर मी यावरच महिना घालवला असता.

सर्व जोडून झाल्यावर मोजणी क्रमाने केली : आधी बॉक्स मध्यावर, मग बेल क्रँक सरळ, मग दोन्ही टाय रॉड सारखे करून टो-इन, म्हणजे पुढचे टायर समोरच्या बाजूला किती आत झुकलेले ते. मूळ माप तीन चौसष्टांश ते तीन बत्तीसांश इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर आहे. आम्ही दीडवर ठेवले. कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) ३ अंश असायला हवा, आणि पाटे बसलेले असतील तर तो बदलतो, हे लक्षात ठेवून पाट्यांचे यू-बोल्टही पुन्हा आवळले.

या दुरुस्तीनंतर पाच महिने आणि २,६०० किलोमीटर झाले आहेत. घाटात चाक स्वतःहून सरळ येते, थरथर नाही, आणि टायरची झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे. लेथवर केलेला बेल क्रँकचा पिन खोलून पाहिला, त्यावर ओरखडाही नाही. त्याला आणि शॅकलला मी दर ८०० किलोमीटरना ग्रीस देतो. किंगपिन, क्रॉस आणि नमदा यांबद्दलही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बाजारातून नवे आणलेल्या टाय रॉड एंडची. चारही नवे बसवले होते. त्यांपैकी बेल क्रँकजवळच्या उजव्याला गेल्या आठवड्यात हाताला लागेल इतका प्ले आलेला आढळला, आणि त्याच्या रबरी टोपीला चीरही पडली आहे. काढून ठेवलेला जुना एंड धुऊन पाहिला, तो अजून घट्ट आहे. पाऊस लागण्याआधी तोच परत बसवणार आहे.