शुक्रवारच्या गाड्या : फोन की कॅमेरा?

लॉस एंजेलिसजवळ बरबँकला, रिव्हरसाइड ड्राइव्हवरच्या १९४९ सालच्या बॉब्ज बिग बॉय या बर्गरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी जुन्या गाड्या जमतात. इकडची आपली मंडळी बर्गर खायला म्हणून जातात, गाड्या बघून हरखतात आणि मग विचारतात, "फोटोंसाठी वेगळा कॅमेरा घ्यावा का? फोन तसा चांगला आहे." बराच काळ मीही फोनवरच भागवलं. आता फुजीच्या एक्स-१०० मालिकेतला छोटा कॅमेरा नेतो : ३५ मिमीचा दृष्टिकोन (फोनपेक्षा थोडा अरुंद), झूम नाही.

फोनची बाजू लंगडी नाही. बॉनेट उघडं ठेवून मालक शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्यादेखत इंजिनावर वाकायचं म्हणजे पट्ट्याचं बक्कल मडगार्डला घासेल ही धास्ती. फोन नुसता हात लांब करून वर धरता येतो, आणि कार्ब्युरेटरपासून मागच्या वायरिंगपर्यंत सगळं स्पष्ट येतं. शिवाय मालकाने फोटो मागितला की तिथल्या तिथे पाठवता येतो, आणि एकदा पाठवला की गाडीची अख्खी कुंडली ऐकायला मिळते.

पूर्ण गाडी काढायला गेलं की मात्र फोन अडतो. त्याची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी. गर्दीत मागे सरकायला जागा नसते, मग जवळचं चाक फुगतं आणि डिकी आखडते. १९५९च्या कॅडिलॅकचा सगळा तोरा मागच्या उंच पंखांत आणि त्या लांबीत. लांबीच गेली तर उरलं काय? झूम करून थोडं सुधारतं, पण उजेड कमी झाला की बरेच फोन मुख्य लेन्सचाच फोटो गुपचूप कापून देतात. नाइट मोडमध्ये चालत्या माणसांची भुतं होतात आणि काळा रंग राखाडी पडतो. तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आला नाही तो स्क्रीनचा उजेड. समजा १९६४ची काळी इम्पाला उभी आहे. (आपल्या आधीच्या पिढीला इम्पाला म्हटलं की हिंदी सिनेमातले श्रीमंत आठवतात, इथे ती हायड्रॉलिक्सवर (गाडी वर-खाली करणाऱ्या पंपांवर) एक कोपरा उचलूनही उभी दिसते.) सूर्य मावळला की हॉटेलच्या निऑन पाटीची एक रेघ दारावरून निघून मागच्या तीन गोल दिव्यांपर्यंत धावते. आणि नेमक्या त्या रेघेवर, फोनच्या काळ्या चौकोनामागे, निळसर उजळलेला माझा चेहरा! चष्म्यासकट. बाजूला सरकलो की तोही सरकतो. ब्राइटनेस उतरवला तर फ्रेम दिसत नाही. क्रोमचा बंपर तर फुगीर, तो कुठूनही तुम्हाला पकडतो. दुसरे लोक जाईपर्यंत थांबता येतं, पण स्वतःला कुठे पाठवणार? नंतर खोडता येतं म्हणतात. वळणदार पत्र्यावरून चेहरा खोडायला बसलं की रेघही मरते, निदान माझ्या हातून तरी.

कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बंद करून व्ह्यूफाइंडरला (बघायच्या छोट्या खिडकीला) डोळा लावला की मी नुसता एक काळा आकार उरतो, आणि काळ्या पत्र्यात तो सहज खपतो. बाकी कॅमेऱ्याचे चोचले आहेतच. निऑनचा लाल रंग फोटोत चटकन जळून सपाट होतो, म्हणून एक्स्पोजर खाली ओढावं लागतं. घरी येऊन रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलींशी बसावं लागतं. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर घेण्याचा मोह होईल, पण तो रंगावरची आणि काचेवरची चमक कमी करतो, क्रोमवर त्याचं काही चालत नाही, आणि वर दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो. तो दुपारच्या कामाचा.

वर्षाकाठी एखाद्या शुक्रवारी जाणार असाल तर फोन पुरे, उगाच खर्चात पडू नका. वारंवार जाणार असाल तर मी कॅमेरा सुचवेन. माझाच घ्या असं नाही, वापरलेला, कुठल्याही कंपनीचा चालेल. फक्त व्ह्यूफाइंडर नसलेलं मॉडेल स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. जुलैत सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, त्यानंतरचा अर्धा तास आकाश आणि निऑन दोन्ही जमून येतात. आणि शर्ट गडद घाला. पांढरा शर्ट दाराच्या पत्र्यात तुमच्या चेहऱ्याआधी दिसतो.