एमजीबीच्या हीटरचे नॉब : एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

माझी एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६९ची, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. घेतली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, पण डॅशबोर्डवरचे हीटरचे दोन्ही गोल नॉब गायब होते आणि एका टॉगल स्विचची क्रोम रिंगही. नुसत्या दांड्या बाहेर आलेल्या, त्यांवर पकडीचे ओरखडे. इंग्लंडच्या जानेवारीत कापडी टपाची गाडी चालवायची तर हीटर हवाच, म्हणून आधी हेच काम हाती घेतलं.

नॉब मागवण्याआधी एक गोष्ट जरूर करा. दांडी पकडीने हलकेच फिरवून बघा. या गाडीत तापमानाचा नॉब केबलने इंजिनाच्या हेडवरचा (वरच्या भागावरचा), हीटरला गरम पाणी सोडणारा व्हॉल्व उघडतो-बंद करतो. हा व्हॉल्व वर्षानुवर्षं न हलवल्याने जाम होतो, मग लोक जोर लावतात आणि तुटतो तो बिचारा प्लास्टिकचा नॉब. माझ्या गाडीत तेच झालेलं होतं. बोनेट उघडून केबल सोडवली, व्हॉल्वचा दांडा हाताने हलवून बघितला, तर हलेचना. व्हॉल्व बदलला, केबलला वंगण दिलं, तेव्हा कुठे दांडी दोन बोटांनी फिरू लागली. हे केलं नसतं तर नवा नॉबही पहिल्याच थंडीत गेला असता.

नॉब बसवणं सोपं आहे. दांडीत स्प्रिंगवरची एक चिमुकली पिन असते. ती दाबून नॉब सरकवायचा. त्याच्या बाजूच्या भोकात पिन टक्कन बसते. काढताना भोकातून बारीक तार घालून पिन आत दाबायची. पिन गंजून आत अडकली असेल तर तेलाचा थेंब सोडून रात्रभर थांबा. सुपरग्लू मात्र चुकूनही लावू नका. कंट्रोल डॅशला धरून ठेवणारा नट नॉबच्याच खाली असतो. पुढे कधी केबल बदलायची वेळ आली तर चिकटवलेला नॉब फोडावाच लागेल.

मी तापमानासाठी नवा, नकलेचा नॉब घेतला आणि हवेच्या दिशेसाठी जुन्या गाडीतून काढलेला मूळचा. तो ब्यूलीच्या ऑटोजंबलमध्ये मिळाला. हॅम्पशरमधला हा जुन्या सुट्या भागांचा बाजार १९६७ साली सुरू झाला, सप्टेंबरात भरतो, आणि जुन्या गाडीवर जीव असलेल्याने एकदा तरी पाहावाच. दुकानात दोन्ही नॉब सारखेच दिसले असते. हिवाळाभर वापरल्यावर फरक कळला. मूळचा आजही घट्ट आहे, फिरवताना हाताला भरीव लागतो. नव्याचं भोक किंचित मोठं, त्यामुळे तो दांडीवर जरासा डुगडुगतो. काम चोख करतो, पण रोज हात लागणाऱ्या वस्तूत एवढी ढिलाई मला खुपते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर शोधाशोध करून दोन्ही जुनेच घेईन.

स्विचची रिंग नवीनच घेतली. तिच्याबद्दल तक्रार नाही. तिला खाचा असतात आणि त्यांत बसणारा खास पाना मिळतो, तोच वापरा. टोकदार पकड सटकली की डॅशच्या सुरकुत्यांच्या काळ्या रंगावर चरा उठतो आणि तो रंग जागच्या जागी जुळवणं महाकठीण. हात घालण्याआधी सीटमागच्या सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांची अर्थची वायर काढून ठेवा.